देवकुंडचा फोटो: लेन्सच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही सहा मित्र पुण्याहून जुलैच्या दुसऱ्या शनिवारी देवकुंड धबधब्याला जायचं म्हणताय. तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आहे. धबधब्याचं पाणी दुधासारखं मऊ दिसेल असा फोटो हवाय. त्यासाठी वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य घेणारी) घ्यावी का, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) किती स्टॉपचा घ्यावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि एवढ्या चालीत ट्रायपॉड वाहून न्यावा का, असं विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की मागच्या वेळी मित्र कंटाळले आणि पंधरा मिनिटांत आवरतं घ्यावं लागलं.

मला तुमची खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत दिसते. मी सह्याद्रीत बरीच वर्षं पाण्याचे फोटो काढतोय आणि बहुतेक वेळा सोबत फोटोशी देणंघेणं नसलेले मित्र असतात. धबधब्याचा फोटो चांगला येतो तो दोन गोष्टींवर: तुम्ही कोणत्या दिवशी तिथे पोचता, आणि पोचल्यावर एका जागी किती वेळ निवांत उभे राहू शकता. लेन्स आणि फिल्टर त्यानंतर येतात. म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

आधी तारीख. जुलैत देवकुंडला जाऊ नका.

देवकुंड रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, भिऱ्याच्या धरणाजवळ आहे. भरपावसात जिल्हा प्रशासन तिथे जायला बंदी घालतं. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघायचे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. बंदी असताना आडवाटेने घेऊन जाणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. बंदीचं कारण त्या जागेच्या रचनेतच आहे. तुम्ही उभे राहता ती जागा तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेली आहे आणि पाणी येतं ते वरच्या घाटमाथ्यावरून, प्लस व्हॅली ही दरी आणि ताम्हिणी घाट यांच्या अंगाने. खाली तुमच्या डोक्यावर नुसतं मळभ असतं, वर मात्र धो धो कोसळत असतो. किती, तर २५ जुलै २०२४ ला पुण्यात पूर आला त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे पडतो. तेवढं पाणी उघड्या कातळावर पडलं की मुरायला जागाच नसते, ते सरळ ओढ्याला येतं. आणि देवकुंडच्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेला लागू शकतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात हेच घडलं. एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध उभं होतं, पाणी वाढत गेलं, काठ गाठता आला नाही आणि पाच जण गेले. मी हे भीती घालायला सांगत नाहीये. फोटो काढणारा माणूस तर जास्तच धोक्यात असतो, कारण त्याचा एक डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला असतो आणि त्याला नेमकी प्रवाहाच्या मधली जागा हवी असते.

बंदी आणि धोका क्षणभर बाजूला ठेवला तरी निव्वळ फोटोच्या दृष्टीनेसुद्धा जुलै वाईट. पाणी गढूळ असतं. तुषार इतके उडतात की काच पुसून हात मागे घेईपर्यंत ती पुन्हा भिजते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रवाह फार जाड असतो. अशा पाण्यावर शटर लांब, म्हणजे जास्त वेळ उघडं, ठेवलं की पांढरा सपाट पट्टा मिळतो, त्यात ना धार दिसते ना मागचा कातळ. तुम्हाला जो मऊपणा हवा आहे तो धारा सुट्या असतील तेव्हा येतो. पाणी कातळाला चिकटून उतरतं, पायरीवर आपटून फाकतं, मध्येमध्ये काळा खडक डोकावतो, आणि त्या काळ्या-पांढऱ्याच्या खेळातून पाण्याचा पोत उठून दिसतो. हे चित्र सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत असतं. डोहाचा निळसर हिरवा रंगही तेव्हाच दिसतो, कारण गाळ खाली बसलेला असतो. डिसेंबर उजाडला की धार बारीक होत जाते.

त्यामुळे माझी पसंती ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, आणि जमलं तर आठवड्यातला मधला दिवस. यातही अवलंबून असलेल्या गोष्टी आहेतच. पाऊस लांबला तर आणखी आठवडा थांबा. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर विजांसकट येतो, म्हणून त्या महिन्यात दुपारच्या आत डोहापासून निघालेलं बरं. आदल्या दिवशी गावात फोन करून वाट सुरू आहे का आणि ओढ्याला पाणी किती आहे हे विचारा. हवामानाच्या अंदाजापेक्षा तिथल्या माणसाचं उत्तर मला जास्त कामाचं वाटतं. जाताना स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याला ओढा कुठून ओलांडायचा हे माहीत असतं आणि त्या पैशावर त्याचं घर चालतं.

जुलैत बाहेर पडायचंच असेल, आणि पडावंसं वाटणारच, तर साताऱ्याजवळच्या ठोसेघरला जा. तिथे समोरून धबधबा बघायला कठडे बांधलेले सज्जे आहेत. प्रवाह दूर, तुम्ही सुरक्षित, आणि ढग वरखाली होताना दरीचे जे फोटो मिळतात ते देवकुंडात मिळणार नाहीत. तुमच्या किट लेन्सला तिथे थोडी मर्यादा येईल, कोणाकडे दूरचं जवळ आणणारी ५५-२५० वगैरे लेन्स असेल तर मागून न्या. कठड्याच्या पलीकडे मात्र पाऊल टाकू नका. माणगाव तालुक्यातच कुंभे धबधब्याजवळ जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत पडून गेली. ओल्या गवताखाली कडा कुठे संपतो हे जवळ जाऊनही कळत नाही.

आता मित्रांचं. या भागावर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मित्र कंटाळतात ते आपण फोटो काढतो म्हणून नाही. आपल्याला किती वेळ लागणार हे त्यांना माहीत नसतं, म्हणून ते कंटाळतात. ‘पाचच मिनिटं’ म्हणून आपण पाऊण तास घेतो, तोवर ते ओल्या कपड्यांत दगडावर बसून राहतात. म्हणून निघण्याच्या आधीच, पुण्यातच, स्पष्ट सांगा: धबधब्यापाशी मला दीड तास लागेल. त्या दीड तासात तुम्ही खा, पोहा, झोपा. ज्याला हे चालणार नाही त्याला आधीच नाही म्हणता येतं. माझ्या अनुभवात कोणीच नाही म्हणत नाही. उलट आकडा कळला की लोक आपापली सोय करतात, पत्ते आणतात, चहाचा थर्मास आणतात.

दुसरं, चालताना कॅमेरा पिशवीत ठेवा. भिरा धरणापासून देवकुंड एका बाजूने साधारण सहा किलोमीटर आहे. आधी जलाशयाच्या काठाने सपाट वाट, मग जंगल, आणि शेवटी खडा चढ. रमतगमत दोन-अडीच तास लागतात. वाटेत दर वळणावर थांबलात तर तोच दीड तास तिथे खर्च होतो आणि मित्रांचा धीरही संपतो. जंगलातले कोळी, बुरशी, वेली, हरणटोळ साप, हे सगळं मलाही मोहात पाडतं, पण त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळी सोबत हवी. फार तर एक थांबा ठरवून घ्या, सगळ्यांनी पाणी प्यायचं त्या ठिकाणी.

तिसरं, मित्रांना फोटोत घ्या. हा सल्ला वरवरचा वाटेल, पण माझ्याकडचे धबधब्याचे जे फोटो लोकांना आवडतात त्यांत बहुतेकदा एक छोटासा माणूस असतो. त्याशिवाय कडा केवढा आहे हे कळतच नाही. देवकुंडसारख्या ठिकाणी काळा कातळ, हिरवी झाडी आणि पांढरं पाणी एवढेच रंग असतात. त्यात लाल किंवा पिवळा रेनकोट घातलेला मित्र डोहाच्या काठावरच्या कोरड्या दगडावर पाठमोरा उभा राहिला की चौकट भरते. त्याला सांगा: पाय थोडे फाकवून उभा राहा, ‘आता’ म्हटलं की श्वास रोखून धर. पाव सेकंदाला, अगदी अर्ध्या सेकंदालाही स्थिर माणूस टिपटॉप येतो आणि पाणी मऊ होतं. दोन सेकंदांना तो हलतोच. म्हणजे माणूस चौकटीत असेल तर शटर आपोआप ठरलं. आणि ज्याचा असा एक फोटो आला, तो पुढच्या वेळी स्वतःहून विचारतो, कुठे उभा राहू?

चौथी गोष्ट सुरक्षेची आहे. सहांपैकी एकाला फक्त पाणी आणि घड्याळ यांवर लक्ष ठेवायचं काम द्या, अर्ध्या-अर्ध्या तासाने माणूस बदला. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, शिट्टीही नीट कळत नाही, आणि मोबाइलच्या रेंजवर तिथे भरवसा ठेवता येत नाही. म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा. दोन्ही हात वर म्हणजे सगळं सोडून वर सरकायचं. पाणी वाढतंय हे कशावरून कळतं? स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज जड होतो, आणि मघाशी उघडा असलेला दगड बुडतो. प्रवाहाजवळच्या एका दगडावर आल्या आल्या नजर ठेवून ठेवायची, तोच आपला मोजमापाचा खांब. यातलं काहीही दिसलं तर ट्रायपॉड असेल तिथे सोडून उंच बाजूला जा. परतीचा ओढा फुगलेला असेल तर तो ओलांडायचा नाही, बसून राहायचं. घाटातले ओढे जसे झपाट्याने चढतात तसे काही तासांत उतरतातही. त्यासाठी प्रत्येकाकडे टॉर्च, कोरडा शर्ट आणि थोडं जास्तीचं खाणं असावं.

पोहणाऱ्यांना एक शास्त्रीय गोष्ट सांगून ठेवा, ती पटते. धबधबा पडतो तिथे पाण्यात हवा मिसळलेली असते. अशा फेसाळ पाण्याची घनता कमी, म्हणून ते शरीराला नेहमीएवढं उचलून धरत नाही. शहरातल्या तलावात उत्तम पोहणारा माणूस तिथे बुडू शकतो. शिवाय वरून पाण्यासोबत दगड येतात. तेव्हा पडत्या धारेखाली कोणी जायचं नाही, पाण्यात उतरायचंच तर काठाजवळ, वाटाड्या सांगेल तिथे आणि तेवढंच.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर ऑक्टोबर, मधला वार, दीड तासाचा करार, आणि पाण्यावर नजर ठेवणारा एक माणूस. पहाटे साडेचारला पुणं सोडलंत तर सातच्या सुमारास भिऱ्याला, साडेनऊ-दहाला डोहापाशी. गर्दी व्हायच्या आत तुमचा मुख्य फोटो झालेला असतो. एकच्या आत परत फिरायचं, कारण जंगलात अंधार लवकर पडतो आणि ऑक्टोबरच्या दमट उन्हात परतीची चाल सकाळपेक्षा जड जाते.

उजेड मळभाचा किंवा सावलीचा असावा. ऊन थेट पाण्यावर आलं की पाणी जळून पांढरं होतं आणि कातळ काळाठिक्कर पडतो, दोन्ही एका फोटोत सांभाळता येत नाहीत. सकाळी कड्याची सावली असेपर्यंत काम उरका. इंद्रधनुष्याची आशा असेल तर सूर्य पाठीशी आणि क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली हवा, म्हणजे ऐन दुपारी समोरच्या तुषारांत ते दिसणार नाही.

शटर किती? झाडीच्या सावलीत, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ११ (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवलं की पाव सेकंदाच्या आसपास शटर आपसूक मिळतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला की तो आणखी दीड-दोन स्टॉप खातो, मग तुम्ही एक सेकंदाच्या जवळ जाता. म्हणजे खऱ्या जंगलात एनडी फिल्टर बऱ्याचदा लागतच नाही. डोहासमोरच्या उघड्या जागेत मळभ असेल तर त्याच सेटिंगला सुमारे १/३० येईल, तिथे तीन स्टॉपचा एनडी लावून पाव सेकंद मिळतो आणि सहा स्टॉपच्या एनडीने दोन सेकंद. दहा स्टॉपचा घेऊ नका. तीस सेकंदांचं पाणी धुक्यासारखं दिसतं, त्यातून पडण्याचा जोर निघून जातो. मला स्वतःला पाव ते एक सेकंद यातलं पाणी आवडतं, कारण त्यात मऊपणाही असतो आणि धारेची दिशाही. पण हे प्रवाहावर अवलंबून आहे. वेगाने कोसळणाऱ्या जाड धारेला १/८ सुद्धा पुरतं, कातळावरून ओघळणाऱ्या बारीक झिरप्याला दोन सेकंद द्यावे लागतात. एकाच चौकटीला १/१५ पासून दोन सेकंदांपर्यंत चार-पाच फोटो घ्या आणि घरी मोठ्या पडद्यावर निवडा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळेच छान दिसतात.

पैसे एकाच फिल्टरवर घालायचे असतील तर आधी पोलरायझर घ्या. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी तो काढून टाकतो. मग शेवाळाचा हिरवा रंग वर येतो आणि डोहाचा तळ दिसू लागतो. हे काम नंतर संगणकावर करता येत नाही. शटर लांबवण्याचा फायदा वरकड.

एक्सपोजर पाण्याच्या हिशेबाने ठेवा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला तर पांढऱ्यातला पोत कायमचा गेला. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर कातळाचा अंधार नंतर थोडा उजळता येतो. व्हाइट बॅलन्सही (रंगांची छटा) रॉमध्ये नंतर सुधारता येतो, आणि सावलीतल्या पाण्याची निळी छटा पूर्ण काढू नका, थोडी राहू द्या.

तुषारांसाठी युक्ती साधी आहे. चौकट आणि फोकस आधी ठरवा, लेन्सवर कापड धरा, वारा जरा पडला की कापड काढून लगेच शटर. मायक्रोफायबरचे तीन-चार रुमाल न्या आणि ते वेगवेगळ्या पिशव्यांत कोरडे ठेवा, कारण एक भिजला की तो पाणी नुसतं पसरवतो. धबधब्याच्या माऱ्याने तिथे कायम वारा असतो, त्याने जवळची पानं हलतात. पानं पुढ्यात हवी असतील तर आयएसओ ८०० करून त्यांच्यासाठी एक वेगळा वेगवान फोटो घ्या आणि नंतर दोन्ही जोडा. गाडीत एसी जोरात असेल तर कॅमेरा पिशवीबाहेर काढू नका. थंड काचेला बाहेरची दमट हवा लागली की ती आतूनही धुरकटते आणि निवळायला बराच वेळ जातो.

ट्रायपॉड न्या. सहा किलोमीटर वाहायचा आहे म्हणून हलका न्या, पण मधला दांडा वर न काढता वापरता येईल असा. पाय प्रवाहात रोवला तर पाण्याच्या माऱ्याने तो थरथरतो आणि सगळं चित्र हलतं, म्हणून तिन्ही पाय दगडावर. दोन सेकंदांचा टायमर लावा, वेगळा रिमोट लागत नाही. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. बुटांचा तळ चांगला पकड असलेला हवा, शेवाळलेल्या कातळावर कितीही चांगला बूट घसरतो हे धरूनच चाला, आणि दगडावरून दगडावर जाताना कॅमेरा ट्रायपॉडवर लावलेला ठेवू नका.

शेवटी लेन्स. तुमची १८-५५ पुरेशी आहे. क्रॉप सेन्सरवर १८ ला देवकुंडचा कडा आणि डोह, उभ्या चौकटीत आणि थोडं मागे सरकलं की, नीट बसतात. वाइड लेन्सचा एक तोटा लोक सांगत नाहीत. मागचा धबधबा ती लहान करते, आणि तो पुन्हा मोठा दिसावा म्हणून तुम्ही पुढे पुढे सरकत पाण्यात जाता. ३५ ते ५५ मध्ये कडेची एकच धार, एखादा दगड, डोहावर पसरणारी वर्तुळं असे फोटो काढून बघा. तरीही वाइड वापरून पाहायचीच असेल तर विकत घेण्याआधी पुण्यात एक-दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. ती घेऊन आधी सिंहगडाच्या पायथ्याशी एखाद्या छोट्या ओढ्यावर सराव करा, म्हणजे ऑक्टोबरात तुमच्या दीड तासातला वेळ बटणं शोधण्यात जाणार नाही.